काच आणि पाणी: कंपॉझिटिंगमध्ये खरं वाटणारं अपवर्तन कसं बांधायचं

कंपमध्ये, म्हणजे कंपॉझिटिंगमध्ये, वेगवेगळ्या चित्रांचे थर जोडून शॉट बनवताना पाण्याखालच्या पायऱ्या किंवा काचेमागचा चेहरा खोटा वाटला की पहिला संशय नॉइजवर, म्हणजे लाटांसाठी वापरलेल्या कृत्रिम नक्षीवर, जातो. मग लाटा बदलून पाहतात, डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिक्सेल सरकवण्याचा, आकडा वरखाली करतात, कडांना रंगीत झालर लावतात. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. फ्रेममधलं सगळं एकाच मापानं सरकवलेलं असतं. काचेला टेकलेली कुंडी आणि रस्त्यापलीकडचं झाड यांना सारखाच धक्का बसला, तर प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला ते खटकतंच. किरण किती वाकणार हे पदार्थ ठरवतो. तो वाकलेला किरण पडद्यावर किती पिक्सेल सरकलेला दिसणार, हे मात्र काचेमागचं किंवा पाण्याखालचं अंतर ठरवतं. ते अंतर आधी बांधा, लाटांचं नंतर बघू.

मी बडोद्यात काम करतो, म्हणून उदाहरणंही इथलीच घेतो: लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, जिच्या पायऱ्या पाण्यात उतरतात, आणि दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्याची पावसाळ्यातली खिडकी, तिच्या चौकटीवर पाण्यानं भरलेला काचेचा पेला. या दोन शॉट्समध्ये जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल, पिक्सेल सरकवणारे नोड (जोडत जायची छोटी साधनं) सगळ्यांत असतात. न्यूकमध्ये एसटीमॅप आणि आयडिस्टॉर्ट, नॅट्रॉनमध्ये त्याच नावांचे नोड, ब्लेंडरच्या कंपॉझिटरमध्ये मॅप यूव्ही आणि डिस्प्लेस, फ्यूजनमध्ये टेक्स्चर आणि डिस्प्लेस. शिकणाऱ्याला न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट मिळते, तिचं आउटपुट १९२० बाय १०८० पर्यंतच जातं. सरावाला तेवढं पुरतं.

आधी हे आकडे जवळ लिहून ठेवा

अपवर्तनांक, म्हणजे आपल्या बोलण्यातला आयओआर: हवा १, बर्फ १.३१, पाणी १.३३, खिडकीची काच साधारण १.५२, हिरा २.४२. समोरून पाहिलं तर पाण्याचा पृष्ठभाग फक्त २ टक्के प्रकाश परत फेकतो, काचेचा एक पृष्ठभाग ४ टक्के. खिडकीच्या काचेला पृष्ठभाग दोन, म्हणून एकूण ८ टक्क्यांच्या आसपास. हे प्रमाण कोनानुसार बदलतं. पाण्याकडे लंबापासून ६० अंशांवरून पाहिलं तर ६ टक्के, ८० अंशांवरून सुमारे ३५ टक्के, ८५ अंशांवर निम्म्याहून जास्त. त्यामुळेच वावेच्या काठावर उभं राहिलं की पायाशी तळ दिसतो आणि पलीकडे फक्त भिंतीचं प्रतिबिंब. एकाच फ्रेममध्ये दोन्ही असायला हवं. सगळीकडे सारखी पारदर्शकता ठेवलेलं पाणी प्लास्टिकच्या कागदासारखं दिसतं.

नकाशा आणि त्याची चाचणी

अपवर्तनाचं सगळं काम एका नकाशावर चालतं. त्याच्या लाल चॅनलमध्ये आडवी जागा, हिरव्यात उभी जागा, दोन्ही ० ते १ मध्ये. प्रत्येक पिक्सेल सांगतो की रंग प्लेटवर, म्हणजे मूळ चित्रीकरणावर, कुठून उचलायचा. साधा, म्हणजे काहीच न सरकवणारा, नकाशा बनवताना लाल चॅनलचं सूत्र असं: एक्समध्ये अर्धा मिळवा आणि रुंदीनं भागा. हिरव्यासाठी वायमध्ये अर्धा मिळवून उंचीनं भागा. तो अर्धा विसरला की अख्खं चित्र अर्ध्या पिक्सेलनं सरकतं आणि मऊ पडतं. म्हणून काही वाकवायच्या आधी हा कोरा नकाशा प्लेटवर चालवा आणि मूळ प्लेट त्यातून वजा करा. पडदा पूर्ण काळा आला तरच पुढे जा.

नकाशा नेहमी ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवा. १६ बिट हाफ फ्लोटमध्ये ०.५ ते १ या भागात दोन शेजारच्या किमतींमधलं अंतर एक भागिले २०४८ असतं. १९२० रुंदीच्या चित्रात तो जवळपास एक पिक्सेल झाला, म्हणजे फ्रेमच्या उजव्या अर्ध्यात सगळं पायऱ्यापायऱ्यांनी सरकणार. ४के मध्ये दोन पिक्सेल. संथ पाण्यात हे फार वाईट दिसतं, सरळ रेषा थरथरत राहतात. आणि या नकाशावर रंगाचं कुठलंही रूपांतर लावायचं नाही. वाचताना रॉ, लिहिताना रॉ. तो रंग नाहीच, ती मोजमापं आहेत. उलट प्लेट मात्र लिनिअरमध्येच (आकडे प्रकाशाच्या प्रमाणात) हवी, नाहीतर पुढे प्रतिबिंबाची बेरीज चुकते.

प्लेटला ओव्हरस्कॅन, म्हणजे फ्रेमबाहेरची जादा जागा, द्या. वाकलेला किरण फ्रेमबाहेरचं काही आणू पाहतो, तिथे काही नसलं तर कडेचे पिक्सेल ओढले जातात. हलक्या लाटांना चारी बाजूंनी ५ ते १० टक्के पुरतात. पेल्याला पुरत नाहीत, ते पुढे येईल.

पाणी: वावेच्या पायऱ्या

समजा प्लेट कोरड्या पायऱ्यांची आहे आणि खालच्या तीन पायऱ्या पाण्यात दाखवायच्या आहेत. इथे बहुतेक जण थेट लाटांना हात घालतात. पण पाणी अगदी स्तब्ध असलं तरी तळ वर उचललेला दिसतो. सरळ वरून पाहिलं तर खोली पाऊण होते. २० सेंटीमीटरची पायरी १५ सेंटीमीटरची दिसते, आणि कॅमेरा जितका तिरका तितकी ती आणखी उथळ होत जाते. हे केलं नाही तर वर कितीही सुंदर लाटा टाका, पायऱ्या पाण्याखाली न राहता पाण्याच्या चित्राखाली राहतात.

करायची रीत: कॅमेरा ट्रॅक करून पायऱ्यांची साधी भूमिती उभी करा, चौकोनी ठोकळे पुरे. पाण्याच्या पातळीखालचा भाग वेगळा काढा आणि पातळीची रेषा स्थिर धरून त्याची उभी उंची ०.७५ करा. तिरका कॅमेरा असेल तर ०.७५ पासून सुरुवात करून डोळ्याला पटेपर्यंत आणखी कमी करा. मूळ प्लेट न दाबलेल्या भूमितीवरून यूव्हीला (पृष्ठभागावरच्या जागांच्या आकड्यांना) बांधा आणि दाबलेल्या भूमितीवर दाखवा. बाजूची भिंत जिथे पाण्यात शिरते तिथे तिच्या दगडांच्या सांध्याची रेषा आता मोडलेली दिसेल. ती मोड हीच पहिली खरी खूण. गणपती विसर्जनाच्या हौदाचा शॉट असेल तर हेच मूर्तीला लागू: कमरेपर्यंत पाण्यात गेलेल्या मूर्तीचा खालचा भाग आखूड दिसला पाहिजे आणि पातळीवर काठ जुळता कामा नये.

आता लाटा. पाण्याकडे वरून पाहताना लाटेचा उतार जेवढा, त्याच्या साधारण पाव भाग किरण वळतो. म्हणून तळावरचं सरकणं = खोली गुणिले उतार गुणिले पाव, उतार रेडियनमध्ये. १० अंशांचा उतार म्हणजे ०.१७५ रेडियन. पहिल्या पायरीवर, २० सेंटीमीटर खोलीवर, सरकणं ०.९ सेंटीमीटर. दुसरीवर, ४० वर, १.७५. तिसरीवर, ६० वर, २.६. त्या जागी एक मीटर ६०० पिक्सेल व्यापत असेल तर अनुक्रमे सुमारे ५, १० आणि १६ पिक्सेल. काठाला, जिथे पाणी बोटभर आहे, अर्धा पिक्सेलसुद्धा नाही.

याचा अर्थ खोलीचा मॅट, म्हणजे कुठे किती परिणाम हे सांगणारं काळं-पांढरं चित्र, अनिवार्य आहे. भूमिती असेल तर तो सरळ रेंडरमधून मिळतो, पातळीपासून बिंदू किती खाली ते. नसेल तर रोटो करून, म्हणजे आकार आखून, हाताने बनवा: काठाला शून्य, प्रत्येक पायरीला एक पट्टा, पायरीच्या उभ्या बाजूवर उतरता ग्रेडियंट. या मॅटनं डिस्प्लेसमेंटला गुणा. एवढ्यानंच शॉट अर्धा उभा राहतो.

नॉइज सपाट फ्रेमवर टाकू नका. पाण्याच्या पातळीवर थ्रीडीतलं एक सपाट कार्ड ठेवा, त्याच कॅमेऱ्यातून पहा, मग लांबच्या लाटा आपोआप दबतात. नॉइजच्या उजळपणाला उंची माना, शेजारच्या पिक्सेलमधल्या फरकातून उतार काढा आणि तोच उतार वापरा. नॉइजचा उजळपणा सरळ डिस्प्लेसमेंटला जोडला तर लाटेचा माथा जास्तीत जास्त सरकतो. खरं पाहता माथ्यावर उतार शून्य असतो, तिथे चित्र जागच्या जागी राहतं आणि लाटेच्या दोन बाजूंना विरुद्ध दिशांना जातं. ही चूक फार सर्रास दिसते. एक मोठी संथ लाट आणि तिच्यावर बारीक शहारा, असे दोन थर पुरेत. वावेत वारा फारसा पोचत नाही, म्हणून तिथे लाट एखाद्या दगडातून, पायातून, थेंबातून सुरू झालेली हवी. काठावर आपटून परतलेली लाटही दाखवता आली तर पाण्याला बंदिस्त जागेचा आकार येतो.

पाण्याचा रंग खोलीनं ठरतो. शुद्ध पाणी लाल प्रकाश आधी खातं, एका मीटरला जवळपास ३० टक्के. वावेच्या पाण्यात शेवाळ आणि माती असते, तिथे रंग हिरवा-तपकिरी होतो आणि तळ लवकर विरतो. कंपमध्ये एक मीटरचा रंग ठरवा आणि तो खोलीइतक्या घाताला चढवा, मग प्लेटला गुणा. लाल ०.७ असेल तर दोन मीटरला ०.४९. सपाट हिरवा थर मिक्स करणं टाळा, त्यानं पाणी धुरकट दिसतं. गढूळपणा हवा असेल तर तो वेगळा, खोलीनुसार वाढणारा, फिकट रंगाचा थर म्हणून घाला.

तळावर नाचणारी प्रकाशाची जाळी, म्हणजे कॉस्टिक्स, फक्त ऊन थेट पाण्यावर पडत असेल तेव्हाच. वावेसारख्या खोल जागेत ऊन थोडा वेळच तळाशी येतं, सावलीतल्या पाण्यावर जाळी टाकली की शॉट जाहिरातीचा होतो. टाकायची असेल तर अपवर्तनाच्या आधी टाका, कारण ती तळावर पडलेली असते आणि आपण तिच्याकडेही लाटांमधूनच पाहतो. जाळीनं स्वतः वाकलं पाहिजे.

शेवटी फ्रेनेल, म्हणजे कोनानुसार बदलणारं ते परावर्तनाचं प्रमाण. वाकलेल्या तळाला एक वजा फ्रेनेलनं गुणा, प्रतिबिंबाला फ्रेनेलनं गुणा, दोन्हीची बेरीज करा. साधी प्लस, लिनिअरमध्ये. स्क्रीन मोड इथे वापरू नका, तो आकाशाचं तेज दाबतो. फ्रेनेलसाठी श्लिकचं १९९४ चं सूत्र पुरतं: पाण्यासाठी ०.०२ अधिक ०.९८ गुणिले (१ वजा कोसाइन) चा पाचवा घात, कोसाइन कॅमेऱ्याचा किरण आणि पृष्ठभागाचा लंब यांमधल्या कोनाचा. लाटेचा लंब वापरला तर प्रत्येक लाटेची कॅमेऱ्याकडची बाजू तळ दाखवते आणि पलीकडची आकाश. पाण्याला पाणीपण येतं ते इथून. प्रतिबिंबही त्याच उतारानं हलवा, पण तळापेक्षा बरंच जास्त, कारण आरसा किरणाला उताराच्या दुप्पट फिरवतो.

खिडकीची सपाट काच

इथे चांगली बातमी आहे: वाकवायचं जवळजवळ काहीच नाही. समांतर पृष्ठभागांच्या काचेतून किरण आत वळतो आणि बाहेर पडताना तेवढाच परत सरळ होतो. ५ मिलिमीटरच्या काचेतून ४५ अंशांनी पाहिलं तरी सरकणं सुमारे १.७ मिलिमीटर. नव्या काचेला डिस्प्लेसमेंट लावू नका. तिला काचपण येतं प्रतिबिंबानं, धुळीनं आणि हलक्या हिरव्या झाकेनं. प्रतिबिंब दुहेरी असतं, पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाचं. त्याच ४५ अंशांवर दोहोंमध्ये पावणेचार मिलिमीटरचं अंतर पडतं आणि क्लोज-अपमध्ये ते दिसतं. सयाजीबागेतल्या संग्रहालयात काचेच्या कपाटासमोर तिरकं उभं राहून दिव्याचं प्रतिबिंब नीट पहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. यापेक्षा चांगला संदर्भ सापडणार नाही.

जुन्या वाड्यांच्या काचा मात्र लहरी असतात. त्यांचा नकाशा मोठ्या, संथ, बहुतेक एकाच दिशेला लांबलेल्या नॉइजचा करा. आणि आता ते अंतराचं गणित, जे मला या लेखात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पिक्सेलमधलं सरकणं या अपूर्णांकाच्या प्रमाणात असतं: काचेपासून वस्तूचं अंतर भागिले कॅमेऱ्यापासून वस्तूचं एकूण अंतर. कॅमेरा काचेपासून २ मीटरवर असेल तर काचेमागे २० सेंटीमीटरवर ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीला ०.२ भागिले २.२, म्हणजे ९ टक्के. २० मीटरवरच्या कडुनिंबाला २० भागिले २२, म्हणजे ९१ टक्के. काचेला टेकलेल्या बोटांना शून्य. झाड आणि त्यामागची इमारत यांत फरक जवळपास नाही, कारण हा अपूर्णांक १ च्या पुढे जातच नाही. म्हणजे सगळी नजाकत जवळच्या दोन-तीन मीटरमध्ये आहे. मागचं दृश्य तीन थरांत कापा, प्रत्येकाला आपापला गुणक द्या, वेगवेगळं वाकवा आणि मग एकावर एक ठेवा. कोणी काचेकडे चालत येत असेल तर गुणकाला की लावा, म्हणजे तो फ्रेमनुसार बदलत न्या. जवळ येताना चेहरा हळूहळू स्थिर होत जातो.

रंगीत काच वेगळी. राजवाड्याच्या दरबार हॉलमधल्या बेल्जियन काचांसारखी काच बनवायची तर मागच्या दृश्याला रंगानं गुणा. लाल काचेतून हिरवं झाड जवळपास काळं दिसायला हवं. ओपॅसिटी कमी केलेल्या लाल थरात ते हिरवट-मातकट राहतं.

भरलेला पेला

रिकामा पेला आणि भरलेला पेला ही दोन वेगळी कामं आहेत. रिकाम्यात फक्त कडा वाकतात, मधून सरळ दिसतं. पाणी भरलं की तो दंडगोल भिंग होतो. त्याची नाभी, म्हणजे समांतर किरण जिथे एकत्र येतात ती जागा, केंद्रापासून त्रिज्येच्या दुप्पट अंतरावर असते. साडेतीन सेंटीमीटर त्रिज्येच्या पेल्यासाठी ७ सेंटीमीटर. तिच्या पलीकडचं सगळं डावं-उजवं उलटतं. वरचं वर आणि खालचं खालीच राहतं. पेल्यामागे बोट ठेवा आणि हळूहळू मागे न्या. आधी ते जाड होतं, मग पेलाभर पसरतं, मग उलट बाजूनं सरकायला लागतं.

नकाशा करताना पेल्याच्या मधल्या भागात आडवी जागा उलटी आणि दबलेली ठेवा. पेल्याच्या केंद्रापासून २० सेंटीमीटरवरची भिंत निम्म्याहून थोड्या मोठ्या मापाची दिसते. कडेकडे दाब झपाट्यानं वाढतो. अगदी कडेचा किरण ८० अंशांहून जास्त वळतो, म्हणजे पेल्याच्या कडेला खोलीच्या बाजूच्या भिंती, खिडकी, दिवा असं सगळं बारीक पट्ट्यात येतं. प्लेटमध्ये हे नसतंच. शूटच्या दिवशी पेल्याच्या जागेवरून ३६० अंशांचा फोटो काढून घ्या, किंवा निदान चार बाजूंचे. तो नसेल तर पेला थ्रीडीतच रेंडर करा.

त्यातही एक युक्ती उपयोगी पडते. थ्रीडीत पेल्यामागे प्लेटऐवजी तोच कोरा नकाशा चिकटवून रेंडर करा. काचेतून वाकलेला नकाशा हाती येतो, मग मागचं दृश्य कंपमध्ये हवं तेव्हा बदलता येतं. अट एवढीच की कडेचे पिक्सेल सरासरीनं गुळगुळीत झालेले नकोत. दोन दूरच्या जागांची सरासरी म्हणजे भलतीच तिसरी जागा, आणि कडेला कचऱ्याचे ठिपके दिसतात. दुप्पट मापात अँटिअलायझिंगशिवाय (कडा गुळगुळीत न करता) रेंडर करा, नकाशा प्लेटवर चालवा आणि त्यानंतर चित्र लहान करा.

रंगांची फाट: लाल, हिरवा, निळा वेगवेगळे वाकवताना लालला ०.९९, हिरव्याला १, निळ्याला १.०१. साध्या काचेत आणि पाण्यात प्रत्यक्षात एवढाच फरक असतो. दहा टक्क्यांचं इंद्रधनुष्य पेल्याच्या कडेला शोभत नाही.

काचेवरचे थेंब

प्रत्येक थेंब जवळपास गोल भिंग आहे, म्हणून त्यात वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही उलटतं. आकाश थेंबाच्या तळाशी, जमीन माथ्याशी. माथा गडद आणि खालची बाजू उजळ दिसली की थेंब लगेच पटतो. फोकस थेंबांवर असेल तर मागची गल्ली धूसर असते, पण थेंबातलं छोटं चित्र तीक्ष्ण असतं, कारण ते थेंबाच्या लगत तयार होतं. म्हणून दोन प्लेट ठेवा: बाहेर डीफोकस केलेली, थेंबांच्या आत मूळ तीक्ष्ण. डीफोकस केलेली प्लेटच थेंबात उलटवली तर थेंब चिकट जेलीसारखे दिसतात.

जोडणीचा क्रम

ग्रेन (चित्रातले बारीक दाणे) काढा, लेन्सची वक्रता काढा, मागचं दृश्य स्वच्छ करा, कॉस्टिक्स, डीफोकस, अपवर्तन, खोलीचा रंग, फ्रेनेल आणि प्रतिबिंब, वरच्या चमका, मग लेन्सची वक्रता परत, शेवटी ग्रेन. ग्रेन आधीच असेल तर तो पाण्याबरोबर ताणला जातो आणि सगळी मेहनत उघडी पडते.

प्रत्येक वेळी नकाशा चालवला की प्लेट थोडी मऊ होते. लेन्स आणि अपवर्तन असे दोन नकाशे असतील तर लेन्सचा नकाशा अपवर्तनाच्या नकाशावर चालवा आणि निघालेला एकच नकाशा प्लेटला लावा. फिल्टरिंग एकदाच होतं. हे थेट जमतं ते मधे दुसरा कुठला थर नसेल तेव्हा. प्रतिबिंबाच्या फांदीला तिचा स्वतःचा जोडलेला नकाशा द्यावा लागतो आणि बेरीज त्यानंतर करावी लागते.

तपासताना प्रतिबिंब, रंग, चमका सगळं बंद करून नुसतं अपवर्तन चालवून पहा. पातळीच्या रेषेवर फ्रेम थांबवा: काठाला सरकणं शून्य आहे का, भिंतीची रेषा मोडते आहे का, सर्वांत खोल जागा सर्वांत जास्त हलते आहे का. मग फक्त चमका सुरू करा, मग प्रतिबिंब. फाइल पुढे देताना जोडलेला नकाशा आणि खोलीचा मॅट दोन्ही ३२ बिटमध्ये सोबत द्या, म्हणजे उद्या दिग्दर्शकानं पाण्याची पातळी एक पायरी वर मागितली तर फक्त मॅट आणि दाबलेली भूमिती बदलावी लागेल.